नळावरची कादंबरी

वाचताना मला तोंडात टाकायला काहीतरी लागतं. भाजलेल्या शेंगा असल्या तर उत्तमच. आमचे डॉक्टर म्हणाले, "आता शेंगदाणे जरा कमी करा." मी म्हटलं, "मग वाचनही कमी करावं लागेल. तसं चिठ्ठीवर लिहून द्या." त्यांनी काही लिहून दिलं नाही आणि मी काही कमी केलं नाही.

ही खोड मुदखेडची. वडील रेल्वेत होते आणि आमचं क्वार्टर स्टेशनाला लागूनच होतं. सुट्टीत मी फलाटाच्या टोकाच्या बाकावर फ्रॉकमध्ये शेंगा घेऊन वाचत बसायची. एक शेंग, दोन ओळी, परत एक शेंग. मध्येच दाणा खवट निघाला की तोंड कडू व्हायचं आणि गोष्टीतला राजपुत्रसुद्धा नावडता व्हायचा. मग चांगला दाणा मिळेपर्यंत पान उलटायचं नाही, असा माझा नियम होता. पुस्तकातून टरफलं निघतात म्हणून शाळेतल्या बाईंनी मला एकदा वर्गाबाहेर उभं केलं. मी बाहेर उभी राहून उरलेलं वाचलं.

तेव्हापासून खाण्याचं सुख आणि वाचण्याचं सुख माझ्या डोक्यात एकाच फडताळात ठेवलेलं आहे. लिहिण्याचं सुख मात्र फार उशिरा आलं, आणि ते आलं लातूरच्या नळावरून.

लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा जिल्हा नवा कोरा होता. आमचे हे नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. कचेरीवरची पाटी नवी, पण छापील फॉर्म जुनेच आलेले. त्यावरचं 'उस्मानाबाद' पेनानं खोडून वर 'लातूर' लिहायचं काम ह्यांच्याकडं होतं. दिवसभर तेच करून संध्याकाळी बोटं चोळत घरी यायचे. फार खाडाखोड झालेले कागद टाकून द्यायचे असत, ते हे घेऊन यायचे. पाठकोरे कागद फुकट जाऊ द्यायचे नाहीत, हा आमच्या दोघांचाही स्वभाव.

जिल्हा आला, पाऊस मात्र आला नाही. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. आमच्या गल्लीत आठ-दहा घरांना मिळून एक नळ, आणि त्याला पाणी चौथ्या दिवशी. तेही किती वाजता येईल ते त्या नळालाच ठाऊक. फटफटलं की आम्ही बायका घागरी रांगेत मांडायचो आणि प्रत्येकजण आपल्या घागरीशेजारी बसायची. नाही बसलं तर घागर दोन नंबर मागं गेलेली दिसायची. कोण सरकवतं हेही सगळ्यांना माहीत होतं. किराणा दुकानवाल्या काकू. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, तोंडात 'शिव शिव' आणि पाय माझ्या घागरीला. पण मला बाळंतपणात डिंकाचे लाडू करून घातले तेही ह्याच काकूंनी, त्यामुळं मी त्यांच्यावर कधी मनापासून चिडू शकले नाही.

दोन-दोन तास नुसतं बसून करायचं काय? मी पुस्तक न्यायला लागले. हे दर आठवड्याला वाचनालयातून एक कादंबरी आणायचे. एकदा मी वाचता वाचता एकटीच हसले, तशा काकू म्हणाल्या, "एकटीच काय दात काढून राहिलीस? मोठ्यानं वाच की. आम्ही काय दगडं हाव?"

वाचलं मोठ्यानं. सुरुवातीला लाज वाटली, मग आवाज सुटला. नळाला पाणी येईपर्यंत वाचायचं, पाणी आलं की जिथं असेल तिथं थांबायचं, असं ठरून गेलं. मी घरी पुढचं वाचायचं नाही, अशी काकूंनी मला महादेवाची शपथ घातली. ती शपथ पाळणं किती जड गेलं ते मलाच माहीत. पुस्तक फळीवर ठेवलेलं दिसायचं आणि हात तिकडं जायचा. पण चार दिवस थांबून वाचलेल्या पानाला जी चव लागते, ती मला तेव्हा पहिल्यांदा कळली. चौथ्या दिवशी नवं पाणी माठात ओतावं, जरा गार होऊ द्यावं आणि मग पहिला तांब्या तोंडाला लावावा, तसंच ते. त्या दुष्काळात आम्हाला ही दोन सुखं एकाच सकाळी मिळायची.

माझ्या घागरीमागं नेहमी अक्कांची घागर असायची. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. बुद्धविहाराच्या अलीकडच्या खोलीत त्या आणि त्यांची पाचवीतली मुलगी, अशा दोघीच राहायच्या. नवरा तीन वर्षांपूर्वी हैदराबादला बांधकामावर गेला, आधी पत्रं आली, मग तीही बंद झाली. अक्का दालमिलमध्ये डाळ निवडायला जायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण मुलीनं पाटी बाजूला ठेवली की लगेच विचारायच्या, "झालं का? का नुसतंच बसून राहिलीस?"

एकदा मी घरी तूरडाळ निवडत होते आणि त्या बघत होत्या. मी सूप नाकाशी धरून एकेक खडा हुडकत होते. अक्का हसल्या. म्हणाल्या, "वैनी, खडा हुडकू नका, दिवस जाईल. डाळ बघा. डाळ बघत राहिलं की खडा आपोआप दिसतो." करून बघितलं. खरंच दिसायला लागला. पुढं मी जेव्हा जेव्हा स्वतःचं लिहिलेलं तपासायला बसले, तेव्हा हेच केलं आहे. चूक हुडकत नाही. काय सांगायचं होतं तेवढं बघत राहते. न बसणारा शब्द मग डोळ्याला टोचतो.

तर त्या उन्हाळ्यात एक जाडजूड कादंबरी चालू होती. तिच्यातल्या बाईचा नवरा घर सोडून शहरात गेलेला. ती शिवणयंत्रावर दोन लेकरं वाढवते. पुष्कळ वर्षांनी नवरा दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "चल." नळावर कुणी हूं की चूं करत नव्हतं. काकूंचं 'शिव शिव'सुद्धा थांबलं होतं. अक्का मिलला जायची वेळ झाली तरी उठल्या नव्हत्या. 'तिनं हातातलं कापड खाली ठेवलं आणि' इथं पान संपलं. मी उलटलं, तर पुढं एकदम पुठ्ठा. शेवटची सहा-सात पानं कुणीतरी फाडून नेली होती. तेवढ्यात नळ फुसफुसला, पाणी आलं आणि सगळ्या घागरी उचलून नळाकडं धावल्या. त्या नळाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मी ठरवलं होतं, पुढच्या वेळी सांगून टाकायचं, बायांनो, पानं नाहीत. पण त्याच संध्याकाळी अक्का दारात आल्या. आत या म्हटलं तर चौकटीलाच टेकून राहिल्या. म्हणाल्या, "निरोप आलाय त्यांचा. शुक्रवारी येऊन राहिलेत न्यायला. मिल सोड म्हणतेत, पोरीची शाळा तिकडं बघू म्हणतेत." मग म्हणाल्या, "बेस्तरवारी पाणी हाय ना? तिनं काय केलं ते ऐकते आधी."

पानं फाटली आहेत हे माझ्या जिभेवर आलं होतं. अक्कांच्या तोंडाकडं बघितलं आणि ते गिळलं. ह्यांना वाचनालयात पाठवलं, तर दुसरी प्रत नव्हती. मग उरली मीच. तोवर मी माहेरच्या पत्रांपलीकडं काही लिहिलेलं नव्हतं.

बेस्तरवार म्हणजे गुरुवार यायला चार दिवस होते. कचेरीच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन स्टोव्हशेजारी बसले. पहिला शेवट लिहिला त्यात ती बाई डोळे पुसून नवऱ्याबरोबर गेली. वाचून बघितला, अगदी अळणी. दुसऱ्यात तिनं त्याला दारातच असं काही सुनावलं की तोच रडायला लागला. लिहिताना मला भारी मजा आली, पण दुसऱ्या दिवशी वाचलं तर नुसतं तिखटजाळ, बाई कुठं दिसेचना. तिसऱ्या दिवशी भाकरी थापत होते. भाकरी थापताना हात काम करतो आणि डोकं मोकळं असतं, तेव्हा मी कादंबरीतल्या बाईचा विचार सोडून दिला आणि अक्कांचा करायला लागले. त्यांना मिलमधलं काम जमतं. मुलीची शाळा गल्लीतून दिसते. आणि तरी त्या खोलीत एक पुरुषाची चप्पल तीन वर्षं पुसून ठेवलेली मी पाहिली होती. माझी ती भाकरी जळली. कागद घेतला आणि एका बैठकीत शेवट लिहून काढला.

गुरुवारी मी कागद नेले नाहीत. उस्मानाबाद खोडलेला सरकारी फॉर्म काकूंच्या नजरेतून सुटला नसता. मी सगळं पाठ केलं होतं. पुस्तक उघडून डोळे शेवटच्या पानावर रोखले आणि म्हणायला लागले. ती बाई कापड खाली ठेवते. म्हणते, "बसा. नळाला पाणी आलंय, आधी भरून घेते." इथं सगळ्या बायका हसल्या. पाणी भरून येते, भाकरी करते, त्याला वाढते. तो जेवून उठल्यावर सांगते, "इथं राहायचं तर राहा, घर तुमचंच आहे. मी हे सोडून कुठं येणार नाही." काकूंनी डोळ्याला पदर लावला. अक्कांनी पदर खोचला. घागर भरली आणि गेल्या.

शुक्रवारी त्यांचा नवरा आला. त्यांनी त्याला जेवू घातलं. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परत गेला. काकूंनी येऊन मला सांगितलं, "त्या पुस्तकातल्या बाईवानीच बोलली बघ. शब्दाला शब्द." पुढं वर्षभर मी लेखणी हातात घेतली नाही. ती चप्पल माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कुणाच्या संसाराशी मी हे काय खेळून बसले, असं वाटायचं.

नंतर ह्यांची बदली नांदेडला झाली. लिहिण्यानं मला सोडलं नाही, मी पुन्हा लिहायला लागले, दोन-तीन पुस्तकंही झाली. पण कुठलीही गोष्ट संपवायची वेळ आली की अक्का समोर येऊन बसायच्या. शेवटी एक दिवस पिशवीत नवं पुस्तक आणि पाव किलो शेंगा घेतल्या आणि लातूरची एसटी पकडली.

अक्का त्याच खोलीत होत्या. आता घरात नळ होता, मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स झाली होती. केस पिकले होते, चष्मा लागला होता, आणि मांडीवर सूप होतंच. मी चहा हातात घेतला आणि प्यायच्या आधीच बोलून टाकलं. "अक्का, त्या पुस्तकाला शेवटची पानंच नव्हती. तो शेवट मी मनानं रचला होता."

सुपावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय की."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुम्ही त्या दिवशी पान कुठं उलटलं? रोज कपभर चहा प्यावा एवढ्या वेळात एक पान व्हायचं. त्या दिवशी त्यो बसला, जेवला, उठला, समदं एकाच पानावर."

रात्रभर मी शब्दन् शब्द घोकला होता आणि पान उलटायचं मात्र विसरले होते. मी विचारलं, "मग तिथंच का नाही बोललात?"

"काकू बसल्या व्हत्या. जन्मभर चिडवलं असतं तुम्हाला."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. म्हटलं, "खोटं आहे हे कळूनही तुम्ही तेच शब्द त्यांना बोललात? मला वाटत राहिलं, माझ्यामुळं तुमचं घर मोडलं."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. चष्मा काढून पदरानं पुसला. "जायचं न्हाई हे मला निरोप आला तवाच ठाऊक व्हतं, वैनी. तोंडातून निघत नव्हतं. आन त्या पुस्तकवालीला मी कुठं ठाऊक व्हते? तिनं काय बी लिवलं असतं. तुम्ही चार दिवस माझा इचार करून लिवलं. माझ्यासाठी कुणी चार दिवस बसून इचार केला, असं त्याच्या आधी कधी झालं नव्हतं."

चहा निवून गेला होता, तो तसाच प्यायले. अक्कांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं, शेंगांची पुडी काढून दोघींच्या मध्ये सोडली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"वाचा," त्या म्हणाल्या. "आन या टायमाला पानं उलटत चला."