मागची सीट

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीसमोर ती मोटारसायकल उभी होती. मोटारसायकल कसली, दोन चाकांवरचा दिवाणखानाच. पुढचं चाक आमच्या तालुक्यात आणि मागचं शेजारच्या. टाकीत म्हैस डुंबावी, मागच्या पेट्यांत लग्नाचं अख्खं रुखवत मावावं. मागच्या सीटला तर पाठ टेकायला गादी आणि खुर्चीसारखे दोन हात.

आम्ही नवरा-बायको एसटीची वाट बघत होतो. लग्न झालं तेव्हा हिला स्कूटरवरून कन्याकुमारीला नेण्याचं मी कबूल केलं होतं. चाळीस वर्षांत आमची स्कूटर जेजुरीच्या पुढे गेली नाही. मग ती विकली, आणि आता हिचे गुडघे रुसलेत.

मी गाडीच्या मालकाला म्हणालो, "अशीच होती आमच्याकडे. जागेअभावी विकली."

"हो, न्हाणीघरात मावेना," ही म्हणाली.

तो हसला. "बसून बघा ना काकू. स्टँडवर पक्की आहे."

दोघांनी धरून तिला चढवलं. एवढ्या सिंहासनावरही ती सवयीनं एका अंगालाच बसली, पदर खोचला आणि उजवा हात पुढे केला. पुढे माझा खांदा नव्हता. हात तसाच हवेत राहिला.

मी पुढे जाऊन बसलो. हात खांद्यावर आला. चावी मालकाच्या खिशात होती आणि समोर रस्ता दक्षिणेकडे उतरत होता.

"वळणावर हळू घ्या हं," ही म्हणाली.