निम्न गटातले तात्या

तात्यांना मी सरळ ‘निम्न’ गटात टाकलं. पत्र्याचं शेड, फाटकी बनियन, पायात चप्पल नाही. उभं आयुष्य सर्व्हे करण्यात गेलेल्या माणसाला आणखी काय पुरावा लागतो! तात्या माझ्या टॅबमध्ये वाकून बघत होते.

“सर, ही रानातली बनियन हाय. बंगल्यावरची येगळी असती.”

“बंगला कुठंय?”

“जळोचीला.”

“आणि शेती?”

“हितनं दिसतंय तितवर.” बावड्याच्या त्या मळ्यातून बरंच दिसत होतं.

मी जीभ चावली, एडिट दाबलं आणि ‘उच्च’ केलं. तात्यांनी वर चहा पाजला.

आमच्या संस्थेचा विषय होता आर्थिक परिस्थिती आणि हिंसक गुन्हे. सोप्या भाषेत, पैसा कमी तिथं मारामाऱ्या जास्त, हे खरं का? घराची परिस्थिती आम्ही टिपायची, घरातल्या कुणावर केस आहे का विचारायचं आणि ते पोलीस रेकॉर्डशी ताडून बघायचं.

“तुमच्यात कुणावर मारामारीची केस?”

“न्हाय बा. आमच्यात मारामारी व्हतच न्हाय.”

पुढचं घर कमलमावशींचं. त्यांचा सचिन ओट्यावर बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये.

“कुणी मारलं?”

“तात्याच्या थोरल्यानं,” मावशी म्हणाल्या. “उसाच्या ट्रॉलीला ह्यानं लगेच वाट दिली न्हाय, म्हणून गज हाणला.”

“मग केस?”

“झाली की. ह्याच्यावरच.”

तात्यांची माणसं गाडीनं आधी ठाण्यात पोचली होती. मावशी एसटीनं गेल्या, तोवर तक्रार लिहून झाली होती. ‘आता आपसात मिटवा,’ असं त्यांना सांगण्यात आलं. सचिन पोलीसभरतीची तयारी करत होता.

“हात जुळंल वो सर. पण केस असल्यावर भरतीत कोण घील त्याला? तुमचा कागद पुण्याला जातो न्हवं? त्यात तरी खरं लिवा.”

“लिहितो, मावशी.”

सचिनची माहिती पहिल्या झटक्यात सेव्ह झाली. तात्यांच्या थोरल्याचं नाव टाकलं की मात्र लाल अक्षरं यायची: केस नंबर भरा. नंबर कुठून आणू? शेवटी ‘शेरा’ या रकान्यात सगळी हकिगत लिहिली आणि स्वतःवरच खूश झालो.

पुण्याच्या ऑफिसात मॅडमनी शेरा वाचला.

“हे मोजायचं कसं? आरोपी कोण?”

“सचिन.”

“गट?”

“निम्न.”

“मग झालं की.”

“मॅडम, मार त्यानं खाल्लाय.”

“हे तुम्ही म्हणता. रेकॉर्ड काय म्हणतं?”

मी मान डोलावली. मान डोलावण्याचा मला चांगला अनुभव आहे.

अहवाल गेला. आलेख इतका सुबक आला, की मॅडमनी ऑफिसला पेढे वाटले. परिस्थिती खाली, गुन्हे वर. त्यातला एक ठिपका सचिन. तात्यांच्या घरापुढं शून्य. सचिनची भरती हुकली. आम्ही गरिबी मोजायला गेलो होतो. ठाण्यात आधी कोण पोचतं, ते मोजून आलो.

पेढा घेऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. संस्थेचे नियम, रेकॉर्डचं महत्त्व, माझा नाइलाज, सगळं. ती मेथी निवडत होती. पेढ्याला तिनं हात लावला नाही.

“तात्यांना गरीब लिहिलं होतंत,” ती म्हणाली, “ते खोडताना मॅडमना विचारलं होतं का?”