बत्त्यांचा दोष

मी जात्याच भित्री नाही. रानात साप निघाला तर आधी काठी उचलते, आरडाओरडा मागून करते. पण त्या वर्षी दिवस कलल्यावर ह्यांच्या शेजारी गाडीत बसायचं म्हटलं की मी देवाचं नाव घ्यायला लागायचे.

गाडी म्हणजे आमची जुनी मोटार, तीन हातांतून फिरून पेडगावला आमच्या दारात आलेली. अख्ख्या गल्लीत ती एकच, आणि ती चालवणारे हेच एकटे. थोरली पोरगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही रीत. त्यात माझं काही चालणार नव्हतं. दवाखाना परभणीला. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा कधी कुठं बंद होईल याचा नेम नव्हता. दगडफेकीची नुसती आवई उठली तरी एसटी दुपारीच बंद व्हायची आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. पोरीच्या पोटात अवेळी कळा निघाल्या तर काय करायचं? उत्तर एकच होतं, ही गाडी.

म्हणून पोखर्णीच्या नृसिंहाला पोरगी सुखरूप सुटू दे म्हणून साकडं घालायला आम्ही दोघं गेलो. येताना उशीर झाला, दिवस मावळला. हे स्टिअरिंगला चिकटून बसलेले. रस्त्यात उसाची बैलगाडी उभी होती, अगदी समोर, मला मघापासून दिसत होती. मला वाटलं, हे आता वेग कमी करतील, मग करतील. हे आपले सरळच निघालेले!

"अहो गाडी! गाडी हाय म्होरं!" मी किंचाळले.

करकचून ब्रेक लागला. उसाची वाढं आमच्या काचेला घासली. चाकाचं काहीतरी बघत खाली बसलेला गाडीवान उठून शिव्या द्यायला लागला, अन् त्याचं काय चुकलं? हे खाली उतरले, पुढं गेले आणि त्यांनी बत्तीवर एक जोरात थाप मारली.

"ह्या मढ्याला बत्त्याच न्हाईत," म्हणाले. "उजेड कमी पडायलाय. बदलूनच टाकतो."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी परभणीहून हॅलोजनचे बल्ब आले, जाड वायर आली. हे अंगणात तरट अंथरून बसले. पहिल्यांदा जुन्याच वायरीवर बल्ब जोडले तर बटणातून जळक्या रबराचा भपकन वास यायला लागला. मी पाण्याची बादली घेऊन धावले तर मलाच ओरडले, "पाणी वततीस का काय बॅटरीवर? येडी हायस का?" मग त्यांनी बॅटरीपासून नवी वायर ओढली, मधे रिले बसवला. रिले म्हणजे एक छोटी डबी. सगळा भार ती घेते, बटण तापत नाही, असं मला समजावून सांगितलं. एवढं निगुतीनं काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोरगी ओट्यावर बसून हसायची. "बाबा, माझ्या बाळंतपणापेक्षा ह्या बत्त्यांचंच जास्त करायलेत," म्हणायची.

झोत नीट लावायचं काम तेवढं राहिलं होतं. ते अंधारल्याशिवाय होत नाही. शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीची भिंत चुन्यानं रंगवलेली होती. तिच्यासमोर गाडी उभी केली, मी खडूनं आडवी रेघ मारली. झोत रेघेच्या जरा खाली पडला पाहिजे, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे बत्तीपाशी वाकून पेचकसानं स्क्रू फिरवत होते. भिंत लख्ख उजळली होती, चुन्याचे पोपडेसुद्धा मोजता येतील अशी. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! माझं काम झालं म्हणून मी झोताच्या बाहेरून चालत ह्यांच्या बाजूला येऊन उभी राहिले. हातभर अंतरावर.

"अगं, रेघेला हात लाव की," हे भिंतीकडं बघत म्हणाले.

वाटलं, चेष्टा करायलेत.

"कुठं गेलीस? ए! आवाज दे की."

तेवढाही अंधार नव्हता हो. मला विहिरीवरचा दोर दिसत होता, लिंबाच्या फांद्या दिसत होत्या. ह्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मी ह्यांच्या कानाजवळ हात वर केला, हलवला. हे तसेच. मग वैतागून उठले, वळले आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मला बघितलं नाही. एक हात गाडीच्या पत्र्यावर टेकवला आणि चाचपत, चाचपत दाराकडं निघाले.

माय माय! पोरीला ह्या गाडीत निजवून नेणार होते मी. रात्री-अपरात्री. ह्यांच्या भरवशावर.

"मी हितंच हाय," मी म्हणाले.

हे दचकले. हातातला पेचकस खाली पडला, तो शोधायला वाकलेसुद्धा नाहीत.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दोनेक वर्षं झाली. दिवस मावळला की कडेचं काहीच दिसत न्हाई. समोर उजेड पडंल तेवढंच, नळीतून दिसावं तसं." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या बापालाबी व्हतं."

सासरे विहिरीत पडून गेले ते माझ्या लग्नाआधी. भावकीनं ढकललं, असं अजून गावात बोलतात; त्या घराशी आमचं जाणं-येणं नाही.

"कुणी ढकललं न्हाई," हे म्हणाले. "त्याला विहीरच दिसली न्हाई. माय म्हणली, कुणाला बोलू नगा, घरात रातांधळं हाय म्हणल्यावर पोरींना कोण करून घेईल? तवापासनं कुणी बोललं न्हाई." आणि मग ह्यांनी गाडीच्या पत्र्यावर डोकं टेकलं. "बत्त्यांचाच दोष निघाला असता तर लय बरं झालं असतं गं."

रडावं की ह्यांना धरून गदागदा हलवावं, मला कळेना. गाडी तिथंच ठेवली. हात धरून मी ह्यांना बांधावरून घरी आणलं.

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर ह्यांनी शेतातून गाडी आणली, पोरीला तीत बसवलं आणि परभणीला दवाखान्याजवळ माझ्या बहिणीकडं नेऊन ठेवलं. रीत गेली उडत. बायका म्हणाल्या, माहेर असून मावशीच्या दारात बाळंतपण? म्हणा काय म्हणायचं ते. वाटेत मी पोरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तुला अंधारात नीट दिसतं ना?"

"आई, अंधारात कुणाला दिसतंय?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मी पुढं विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

पोरगी सुखरूप सुटली, मुलगा झाला. बारसं बहिणीच्याच घरी केलं. गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, बायका पांगल्या. दिवेलागण झाली तशी हे भिंत चाचपत पाळण्यापाशी आले. देवापुढचं निरांजन उचललं आणि बाळाच्या तोंडापासून लांब धरून हळूहळू एका बाजूला न्यायला लागले.

पोरगी हसली. "बाबा, काय करायलात? एवढ्याशा लेकराला काय कळतंय?"

ह्यांनी निरांजन दुसऱ्या बाजूला नेलं, आणि मला म्हणाले, "तू बघ. त्याची नजर फिरायलीय का, मला दिसंना."