खाडीवरची एकच हाक

दाभोळच्या खाडीत तरीची होडी चालवणारे आमचे काका एक वाक्य बोलले की वल्हे मारीत, आणि मगच पुढचे वाक्य बोलत. गाव जवळ आले की उतारू आल्याची लांब हाक देत. होडीत देवी टोचणारा सरकारी माणूस असला, तर ती हाक दोनदा येई. मग आया पोरांना घेऊन काजूंच्या बागेत लपत.

कॉलेजातून सुटीला आल्यावर मी भीत भीत म्हणालो, "काका, टोचून घेतलेलं बरं असतं."

"मिठावर कर लावणाऱ्या सरकारला माझ्या नातीची काळजी?" त्यांनी वल्हे मारले. "तू शिकलेला, तूच सांग."



त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या गावात देवीची साथ आली. टोचणारा आला, तेव्हा होडीत मीही होतो. काकांनी तोंडाशी हात नेला आणि एकदाच हाक दिली.

"आम्हांला फसवलात, भावोजी!" टोचणारा काठावर उतरताना पाहून बायका ओरडल्या.

त्यांनी आधी आपल्या नातीचा दंड पुढे केला.

पुढे तिचा दंड सुजला, ताप चढला. संध्याकाळी काका आमच्या अंगणात आले. "उतरेल ना रे?"

"उतरेल," मी म्हणालो. पुस्तकात तसे वाचले होते, पण तिचा हात कढत लागतो, हेही मी पाहिले होते.

ताप उतरला नाही तर काका होडी काढणार नाहीत, हे मला ठाऊक होते. सकाळी खाडीवरून हाक येईपर्यंत मी अंगणातून हललो नाही.