उपयोगाचा रकाना

किस्से साठवायला म्हणून कोणी बसत नाही. चार माणसं रोज एका पंगतीला जेवायला लागली की ते आपोआप साठतात. मग तीस वर्षांनी कुणाच्या तरी पोराच्या लग्नात एकजण म्हणतो, "मावशीची गाडी आठवते का रे?" आणि पानातली जिलबी पानातच राहते. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर सांगतो. पण मधेमधे बोलायचं नाही. मला ते आवडत नाही.

मावशी म्हणजे शेवंतामावशी, कुडाळकडची. परळच्या भोईवाड्यात एका चाळीच्या तळमजल्यावर तिची खानावळ होती. दुपारी चाळीसेक माणसं जेवायची, बहुतेक गिरणीतली. मी राहायला गिरगावात आणि कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून. आई घरून डबा द्यायची, त्यात भेंडी असायची. मावशीकडे बांगडा असायचा. त्यामुळे डबा मी वरचेवर विसरायचो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गल्लीगल्लीत सभा चाललेल्या, आणि त्यातच चाळीच्या मालकाने मावशीला सांगितलं, "पाडव्यापर्यंत खोली रिकामी करा." मावशीला नवरा नाही, मूल नाही. होती ती एवढी खानावळ. दुसरी एखादी रडत बसली असती. मावशी तडक गिरणीच्या बंगल्यावर गेली.

बंगल्याच्या आवारात एक जुनी मोटार पडून होती. मोटार कसली, घरच ते! आत झोपायचे बाक, स्टोव्ह, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. गिरणीचा गोरा साहेब तीत राहून शिकारीला जायचा. तो विलायतेला गेला आणि नव्या मॅनेजरला आवार मोकळं हवं होतं. मावशी म्हणाली, "मी नेतंय." मॅनेजर म्हणाला, "न्या बाई, आजच न्या!" आम्ही तिघांनी बैल जुंपून ती भोईवाड्यात आणली.

तिघे म्हणजे मी, कांबळे आणि चव्हाण. कांबळे गिरणीच्या वर्कशॉपमधला फिटर, इंजिनाशी गप्पा मारणारा. चव्हाण साताऱ्याकडचा, पाळीभर साच्यावर, म्हणजे मागावर, आणि उरलेला वेळ मोर्च्यात.

*

गाडीतून जेवण विकायचं तर परवाना हवा. म्युनिसिपालिटीच्या परवाना खात्याचे तपासनीस साहेब म्हणजे जाड भिंगाचा चष्मा, निवृत्तीला आलेले, आणि शिस्तीचे असे की शिंकसुद्धा वेळेवर यायची.

"गाडीत बसवलेली प्रत्येक वस्तू लिहा," ते म्हणाले, "आणि समोरच्या रकान्यात तिचा उपयोग. रकाना रिकामा सोडायचा नाही. जिचा उपयोग तुम्हालाच ठाऊक नाही, अशी वस्तू अन्नाजवळ चालणार नाही!"

बऱ्याच वस्तू दिसताक्षणी कळल्या. पाच राहिल्या, त्यांचा शेंडा-बुडखा कळेना. मी म्हटलं, "काढून टाकू, कटकट नको."

कांबळेने पाना खाली ठेवला. "कशाला हाय ते कळल्याबिगर एक स्क्रू काढायचा नाय. आमच्या खात्यात एका शहाण्याने फालतू म्हणून एक खिट्टी काढली. दोन दिवस खातं बंद!"

मी अर्ज इंग्रजीत लिहायला घेतला. सरकारी काम, दुसरं काय लिहिणार? मावशी मासे साफ करता करता बघत होती.

"मुंबई आमची म्हणान तुमी घसो फोडतास," ती म्हणाली, "आणि अर्ज विंग्रजीत? गाडी माझी, अर्ज माझो, मगे भाषा तेंची कित्याक?"

चव्हाण मोठ्याने हसला. मी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

*

पहिली वस्तू होती जमिनीतलं एक भोक, त्यावर पितळी झाकण.

चव्हाणला त्यात लगेच चळवळ दिसली. "पत्रकं टाकायला! पोलीस मागं लागलं की गाडी पळवायची आन् हितनं पत्रकं सोडायची!"

"गोरा साहेब कसली पत्रकं टाकणार रे?" मी म्हटलं.

"मग तू सांग!"

मी म्हटलं, "आधी खालून बघ." म्हणून भोक खाली कुठे निघतं ते बघायला चव्हाण गाडीखाली जाऊन उताणा पडला. वर मावशीच्या हातात कोळंबी धुतलेल्या पाण्याचं पातेलं होतं. तिने झाकण उचललं, आत डोकावून बघितलं आणि पातेलं ओतलं.

खालून जे शब्द आले ते सांगण्यासारखे नाहीत.

"मोरी!" मावशी खुशीत म्हणाली. "लिव. मोरी."

"गाडीत मोरी?" मी म्हटलं.

"मगे सायबान आंघोळ खय केल्यान? नळार?"

चव्हाणच्या अंगाला दोन दिवस कोळंबीचा वास येत होता. साच्यावर शेजारी कोणी उभं राहीना.

*

दुसरी वस्तू भिंतीवरची घडीची फळी. उघडली की तिला आठ गोल भोकं.

मी म्हटलं, "अंडी ठेवायला." मावशीने एक अंडं ठेवून बघितलं. ते भोकातून सरळ खाली गेलं. चव्हाणने खिशातून सुताची कांडी काढून बसवली. ती बरोब्बर बसली, पण गोरा साहेब शिकारीला जाऊन लुगडी विणत नव्हता.

शेवटी मला आमच्या ऑफिसातल्या एका विलायती मासिकातलं चित्र आठवलं. ती दारूच्या पेल्यांची फळी होती! गाडी हलली तरी पेले सांडू नयेत म्हणून भोकं. इकडे शहरात कडक दारूबंदी. सरकारी कागदावर "दारूचे पेले" लिहिलं असतं, तर परवाना राहिला बाजूला, मावशीला जामीन शोधायची वेळ आली असती.

"सोलकढी," मावशी म्हणाली.

"मावशी, ते खोटं होईल."

"उद्यापासून खरा होतला."

दुसऱ्या दिवसापासून आठ काचेचे पेले त्या भोकांत उभे, आठही सोलकढीने भरलेले. तो मग नियमच झाला. जे कागदावर, ते गाडीत. आणि जे गाडीत करता येत नाही, ते कागदावर नाही. मी कारकुनीत पुढे वरपर्यंत चढलो, पण इतका कडक नियम कुठल्या ऑफिसात पाहिला नाही.

*

मागच्या बाकाजवळ एक पांढरं बटण होतं. दाबलं तर काहीच होत नव्हतं.

कांबळेने अख्खा रविवार त्याची वायर शोधण्यात घालवला. वायर जमिनीखालून पुढे गेली होती आणि ड्रायव्हरच्या कानाशी एक घंटी निघाली. म्हणजे गोरा साहेब मागे आडवा पडून बटण दाबणार आणि पुढे ड्रायव्हर हुकूम ऐकणार! कांबळेने बॅटरी जोडली. घंटी अशी खणखणली की समोरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या.

मावशीला त्याची भारी मजा वाटली. कांबळे पुढे बसलेला, ती मागून बटण दाबायची. तो आला की म्हणायची, "कांय नाय, बघलंय!" चौथ्यांदा तो आला तेव्हा हसत नव्हता.

"मावशी, राग मानू नको," तो म्हणाला. "माझा बाप गावात उभा जन्म लोकांच्या हाकेवर धावला. मी दीक्षा घेतली ती घंटीवर धावायला नाय."

मावशीकडे पाण्याचा हंडा पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकच होता. त्या काळात ती साधी गोष्ट नव्हती. त्यामुळे हे ऐकून तिला लागणार, असं मला वाटलं. मी मध्यस्थीला तोंड उघडलं, तर तिने मला हातानेच थांबवलं.

"बरोबर असा तुझा," ती म्हणाली. "बटण फुडे लाव. घंटी मागे घे. तू वाजय, मी येतंय."

कांबळेने त्याच संध्याकाळी तसं केलं. रकान्यात मी लिहिलं, "पुढच्याने मागच्याला बोलावणे." तपासणीच्या दिवशी साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "पुढे कोण बसणार?"

"फिटर."

"आणि मागे?"

"मालकीण."

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली, घंटी एकदा वाजवून बघितली आणि बरोबरची खूण केली. मला तेव्हा मावशीचा इतका अभिमान वाटला, की मी त्या दिवशी डबा खरोखरच विसरलो.

*

टपाला एक चौकोनी झडप होती. कशासाठी ते बघायला चव्हाणने बाकावर उभं राहून तीतून डोकं बाहेर काढलं. झडप मानेशी येऊन अडकली. डोकं वर, धड खाली.

मी पाय ओढत होतो, कांबळे तेल घेऊन झडपेशी झटत होता, आणि नेमका त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी मोर्चा आला. चव्हाणने मोर्चा बघितला. मोर्च्याने चव्हाण बघितला. आता गाडीच्या टपावर नुसतं डोकं दिसल्यावर माणूस काय करील? चव्हाणने आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

"झालाच पाहिजे!" मोर्चा गरजला, आणि लोकांनी गाडीला हात घातला. त्यांना वाटलं, पुढाऱ्यांनी भाषणाची सोयच केली आहे!

इंजिन तेव्हा चालू होत नव्हतं. कांबळे धावत जाऊन स्टिअरिंगवर बसला, नाहीतर आम्ही एखाद्या इराण्याच्या हॉटेलात शिरलो असतो. गाडी ढकलत ढकलत शिवाजी पार्कला गेली. चव्हाण वरून घोषणा देत होता, खाली मावशी दोन्ही हातांनी आमटीचं भांडं धरून बसली होती. रस्त्यात खिडक्यांतून माणसं हात हलवत होती. तिलाही मग राहवेना, आमटी मांडीत धरून तीही "झालाच पाहिजे" म्हणायला लागली.

जाताना शेकडो हात होते. येताना आम्ही चौघे.

परळच्या पुलाजवळ घाम पुसत चव्हाण म्हणाला, "त्या झडपेपुढं लिही, भाषण!"

"नको," कांबळे म्हणाला. "हवा लिही. दोन्ही एकच."

*

आणि आता शेवटची वस्तू.

खिडकीखाली तळहाताएवढं एक पितळी हँडल होतं. फिरवलं की कट्, कट्, कट् असा आवाज, तीन वेळा, आणि थांबायचं. मग उलटं फिरवलं की परत कट्, कट्, कट्. बाकी कुठे काही उघडत नाही, काही बंद होत नाही, काही हलत नाही. त्याची सळई थेट खालच्या लोखंडात गेलेली.

कांबळेने त्यावर तीन रविवार घातले. रात्री झोपेतही त्याचं मनगट फिरतं, असं त्याची बायको सांगायची. मी लायब्ररीत जाऊन मोटारीवरची दोन पुस्तकं पालथी घातली. चव्हाण म्हणाला, "कॉफी दळायला लिही आन् सोड!"

"दळून दाखव," मावशी म्हणाली. "दळलास तर लिवतंय. खोटा लिवूक देवचंय नाय."

पाडवा दोन दिवसांवर आला. खोलीतली भांडी मावशीने बांधून ठेवली होती. मला खरं म्हणजे भीती वाटत होती. एका ओळीसाठी चाळीस माणसांचं जेवण आणि एका बाईचं सगळं आयुष्य अडणार होतं. मी तिला तसं बोललोही. ती म्हणाली, "अडांदे."

साहेब तपासणीला आले. मोरी बघितली. सोलकढी बघितली, एक पेला प्यायले, खात्री करायला आणखी एक प्यायले. घंटी झाली, हवा झाली. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं. रकाना कोरा.

"हे काय?"

"ठावक नाय," मावशी म्हणाली.

साहेबांनी हँडल फिरवलं. कट्, कट्, कट्. उलटं फिरवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा फिरवलं. मग कोट काढून माझ्या हातात दिला आणि तो शिस्तीचा माणूस पांढऱ्या पँटीनिशी गाडीखाली शिरला! पाऊण तास ते आणि कांबळे खाली. पाऊण तासाने दोघे काळे होऊन बाहेर आले.

"छे!" साहेब म्हणाले. "पण रकाना रिकामा चालणार नाही हो."

"मगे रिकामो सोडू नकात," मावशी म्हणाली. "खरा ता लिवा. शोध चालू असा."

साहेबांनी कागद गाडीला टेकवला. मग स्वतःचं पेन काढून सुवाच्य मराठीत लिहिलं, "शोध चालू." आणि खाली, "उपयोगाचा शोध लागेपर्यंत तात्पुरता परवाना देण्यात येत आहे." शिक्का मारला. "नीट ऐका," ते म्हणाले. "शोध लागला की हा परवाना संपला. मग नवा अर्ज, नवी तपासणी, सगळं पहिल्यापासून."

पाडव्याला गाडी गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. साहेब दर महिन्याला "शोध कुठवर आला" ते बघायला यायचे. नेमके जेवायच्या वेळेला.

असाच एकदा श्रावण संपल्यानंतरचा दिवस. फाटकाशी रांग लागलेली, मावशी वाढतेय, साहेब ताट घेऊन रांगेत उभे. कांबळे गाडीखाली काहीतरी आवळत होता. खालून हाक आली, "कारकून, ते हँडल फिरव जरा."

मी फिरवलं. कट्, कट्, कट्.

"उलटं."

उलटं फिरवलं.

"अरे तिच्या मारी!"

कांबळे सरपटत बाहेर आला. तोंडभर ग्रीस आणि असा हसत होता की तसं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. मावशीची पळी भातावर थांबली.

"कळलं काय रे?" साहेबांनी विचारलं.

कांबळेने साहेबांकडे बघितलं. मग रांगेकडे. मग मावशीकडे. पदराने कपाळ पुसत ती उभी होती.

"नाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"नाय कळलं, साहेब."

"बरं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे केलं. "मावशी, भात वाढा."