पाण्यात गिअर बदलायचा नसतो

सत्तरच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आमची तुकडी पूरमदतीसाठी शिरोळ तालुक्यात पोचली. मी थ्री-टन ट्रकचा ड्रायव्हर. माझा को-ड्रायव्हर लान्स नायक दत्तू, आजऱ्याचा.

गावाकडं ट्रॅक्टरवर आम्ही वरचा काय नि खालचा काय, नुसतं ‘गिअर टाक’ म्हणायचो. फौजेत नेमका शब्द होता. खालच्या गिअरमधून वरच्यात जायचं म्हणजे ‘चेंज अप’. ओढ कमी, वेग जास्त. उस्ताद बजावायचे, पाण्यात शिरण्याआधी पहिला गिअर घाला आणि कोरड्यावर येईपर्यंत चेंज अप विसरा. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सुटतो, पाणी सायलेन्सरमध्ये चढतं आणि इंजिन बंद पडतं. गावचे ड्रायव्हर नेमके इथंच फसायचे. पाणी दिसलं की त्यांना पळायची घाई.

दत्तू मांडीएवढ्या पाण्यात वेळूनं रस्ता चाचपत पुढं चालायचा. मी मागून ट्रक रांगवत न्यायचो. कोरडा रस्ता लागला की तो खच्चून ओरडायचा, “चेंज अप!” मग टपावर थाप मारून शेजारी येऊन बसायचा.

त्या दुपारी मागं बायका, म्हातारी माणसं आणि दोन शेळ्या होत्या. दोन्ही बाजूंना उसाचे नुसते शेंडे दिसत होते. रस्त्याखालच्या मोरीपाशी पाण्याला ओढ आली. दत्तू वळला.

“डावी कड खचलीया! उजवीकडं घे. आणि थांबू नगं!”

“तू वर ये की!”

“थांबू नगं म्हंतोय न्हवं!”

तेवढ्यात त्याचा पाय सुटला. वेळू तेवढा वर दिसला, मग तोही उसात गेला.

माझा पाय ब्रेककडं गेला आणि मी तो मागं घेतला. थांबलो असतो तर ट्रक मोरीवरच बसला असता. मागून एक म्हातारा ओरडला, “पावणं, पळवा की गाडी!” पळवली नाही. पहिल्याच गिअरमध्ये रांगत राहिलो. त्या संथ घरघरीचा मला आला तेवढा राग आयुष्यात कशाचाच आला नाही.

चाकं कोरड्याला लागली. चेंज अप म्हणायला कुणी नव्हतं. माणसं उतरवली आणि तुकडीची बोट घेऊन मागं फिरलो. संध्याकाळी दत्तूचा देह उसाच्या फडात सापडला.

पुढच्या सुट्टीत आजऱ्याला गेलो. त्याची आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, थांबलो नाही हेही. तिचे हात सुपातच राहिले. तिनं विचारलं,

“गाडीतली समदी आली?”

“आली, मावशी.”

“मग त्येचं ऐकलंस की, बाळा. हात धू. जेवून जा.”