नाव घेतलं की गुण जातो

मंगळवारी सकाळी चहा घेऊन गेले, तर आबा मला ओळखेनात. आबा म्हणजे माझे सासरे. बनियन घामाने भिजलेलं, हात थरथरतायत, आणि मलाच विचारतात, "तू कोन शे वं?"

आम्ही शिरपूरकडचे, पण राहतो सिल्वासाला, डोकमर्डीत. नवरा मसाटच्या एका कंपनीत, मी खडोलीत पॅकिंगला. आबांना शुगर आहे आणि गोळ्या मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवते, तरी मला वाटलं शुगर वाढली असेल... हॉस्पिटलात मोजली तर भलतीच खाली गेलेली!

सलाईन लावलं. शुगर वर यायची आणि थोड्या वेळाने परत खाली. डॉक्टर तरुण होते, गुजराती. गोळ्यांशिवाय आणखी काय देता, असं मला हिंदीत पुन्हा पुन्हा विचारत होते. काहीच नाही, मी ठामपणे सांगितलं.

तेवढ्यात नवऱ्याने हळूच आबांच्या सदऱ्याच्या खिशातून एक पुरचुंडी काढली. आत कसल्याशा पाल्याची हिरवट पूड. "खडोलीच्या लखीबेनची आहे," तो खाली बघत म्हणाला. "आबाच म्हणाले, सुनेला सांगू नको."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू... पण भांडण नंतरही करता आलं असतं. डॉक्टरांना त्या पाल्याचं नाव हवं होतं. विषारी काही असेल तर उपचार बदलावे लागतील, म्हणाले. मी पुरचुंडी घेतली आणि स्कूटी काढली. नाव घेतल्याशिवाय परत यायचं नाही, एवढंच डोक्यात.

लखीबेन वारली बाई आहे. आमच्या पॅकिंग लाइनवरच्या निम्म्या बायका तिच्याकडे जातात. जुलाब लागले की कुड्याची साल, पोराच्या पोटात मुरडा आला की मुरडशेंग उगाळून, हाड दुखावलं की हाडजोडीचा लेप... नावं बायकांनीच ओळखलेली, ती सगळं जंगलातून स्वतः आणते. मी गेले तेव्हा अंगणात गोणपाटावर कसल्या तरी मुळ्या वाळत घालत होती.

आबांचं ऐकून ती मटकन खालीच बसली. गोळ्या चालू आहेत हे आमच्या म्हाताऱ्याने तिला सांगितलंच नव्हतं. पण नाव विचारल्यावर तिने मान हलवली. "नाव नाय घ्यायचा, बेन. नाव घेतला का गुण जातो."

मी हात जोडले. चिडले. रडलेसुद्धा. ती नुसती डोळे पुसत होती, पण तोंड उघडेना. तिच्या सासूने तिला झाडं दाखवली तेव्हापासून तिने एकाही औषधाचं नाव रोग्याच्या माणसासमोर उच्चारलेलं नाही. तिकडे आबांचं काय चाललं असेल, म्हणून मी सारखी फोन बघत होते.

आणि एकदम माझी ट्यूब पेटली...

"मावशी, नाव घेतलं की गुण जातो ना? मग घ्याच नाव! मला गुण जायलाच हवाय. आबांच्या अंगातून सगळाच्या सगळा जाऊ दे, आत्ताच्या आत्ता!"

 ती हळू आवाजात म्हणाली, "आनी उद्या दुसरे येतील, त्याना काय देऊ?"  मी पुरचुंडी तिच्यासमोर धरली... आणि तिथेच उभी राहिले.

शेवटी तिने माझ्या हातातून पुरचुंडी घेतली. मुठीत धरली, वर पदर ओढला, मुठीला तोंड लावलं. "एवढ्याचाच जाऊ दे," असं काहीतरी पुटपुटली आणि नाव घेतलं.

बेडकी.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. लखीबेन समोरून खुणा करतेय, हळू बोल, हळू बोल. म्हणून मी कुजबुजले, "डॉक्टर, बेडकी है." पलीकडून ओरडल्याचा आवाज, "देडकी? अरे, दादाजी को मेंढक खिला दिया क्या?"

गुजरातीत बेडकाच्या मादीला देडकी म्हणतात, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी हसावं की रडावं तेच कळेना. मग लखीबेननेच खूण सांगितली. पाला चावून गूळ खाल्ला तर गूळ मातीसारखा लागतो. मी ते हिंदीत सांगितल्याबरोबर डॉक्टर म्हणाले, "गुडमार! तो ऐसा बोलो ना!"

विषारी नव्हता तो पाला. शुगर उतरवणाराच होता. गोळ्याही शुगर उतरवणाऱ्या, आणि आबा दोन्ही घेत होते. डॉक्टरांनी सलाईन चालू ठेवलं, गोळ्या थांबवल्या. दुसऱ्या दिवशी आबांनी मला ओळखलं आणि ओळखल्याबरोबर दवाखान्यातल्या चहाची तक्रार केली. तेव्हा मात्र मी बाहेर जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

रविवारी लखीबेनला सांगायला गेले. आता आलेल्या प्रत्येकाला ती आधी विचारते, "गोळी चालू हाय काय?" आणि असेल तर पाला देत नाही. मी जाताना आबांच्या सगळ्या गोळ्या नेऊन तिला दाखवल्या, म्हणजे तिला त्या ओळखता येतील. दर महिन्याला लाइनवरच्या बायकांच्या घरच्याही दाखवायला नेणार आहे. कोणी कंटाळलं तरी नेणार.

नाव घेतल्याने गुण जातो, यावर माझा विश्वास नाही. तिचा आहे, पक्का. आपल्या हातचं औषध कायमचं जाईल असं वाटत असतानाही तिने माझ्या सासऱ्यासाठी नाव घेतलं. हे ऋण मी कसं फेडू?

ही पोस्ट लिहू का, असं मी तिला विचारलं. नाव येईल त्यात, हेही सांगितलं. तिने बराच विचार केला. म्हणाली, लिही. लिवल्यानं काय नाय होत, तोंडानं नाय घ्यायचा.

तेव्हा एवढं करा. ते नाव मनातल्या मनात वाचा... तिच्या अंगणात अजून लोक येतात.